राहते घर आधी विकावे की नवे आधी घ्यावे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या पिढ्यांनी ही म्हण घडविली त्यांना घर बांधण्यातील यातायात पुरती ठाऊक होती. परंतु एक घर सोडून दुसरे घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येई. घर एकदा उभे राहिले की ते मुलाकडून नातवाकडे जावयाचे. भिंत खचली तर ती सावरावयाची, आणि माणसे वाढली तर मागे पडवी काढावयाची, असा तो क्रम होता. राहते घर विकणे ही तर कर्जबाजारीपणाची खूण समजली जाई, आणि तिचा उच्चार चारचौघांत करावयाचा नाही, असा शिष्टाचार असे.

आता काळ पालटला आहे. मुलांचे शिक्षण, नोकरीचे ठिकाण, वृद्ध आईवडिलांना दवाखान्याची जवळीक, अशा सरळ कारणांसाठी सुशिक्षित कुटुंबे घर बदलतात आणि त्यात कोणास काही गैर वाटत नाही. मात्र अशा प्रत्येक कुटुंबापुढे एक कोडे उभे राहते. नव्या घराची किंमत जुन्या घरात अडकलेली असते. जुने आधी विकावे, तर मधल्या काळात राहावे कोठे? नवे आधी घ्यावे, तर पैसा आणावा कोठून? एक पाय उचलल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही, आणि दोन्ही पाय एकदम उचलले तर माणूस पडतो. तेव्हा कोणता पाय आधी उचलावा, एवढाच प्रश्न. पण त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक अवलंबून असते.

हा प्रश्न आपल्या समाजात फार जुना नाही. शहरांतील पांढरपेशा वर्ग पूर्वी बहुधा भाड्याच्या बिऱ्हाडात राही, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यावर तर बिऱ्हाड सोडण्याचे नावही कोणी काढीनासे झाले. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था स्थापिली आणि सहकाराच्या बळावर घर मिळविता येते, हे मध्यमवर्गास दिसले. पुढे १९६३ साली महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीविषयी स्वतंत्र कायदा झाला. १९७७ साली घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था निघाली. अशा रीतीने घर ही बाजारातून विकत घेण्याची, आणि म्हणूनच विकण्याचीही, वस्तू झाली. व्यवहार नवा असल्यामुळे त्याविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले शहाणपण आपल्यापाशी थोडे, आणि दलालांकडून ऐकलेले फार, अशी स्थिती आहे.

विषय नीट ध्यानात यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेणे सोयीचे होईल. ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात दिघाशी हे गाव आहे. समजा, तेथील गावठाणात एका गृहस्थाचे वडिलोपार्जित घर आहे. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे परसू. वडील मृत्युपत्र न करता वारले. घरात वृद्ध आई, पत्नी व दोन मुले. एक बहीण लग्न होऊन सासरी गेलेली. गृहस्थाची नोकरी कल्याणास, आणि थोरल्या मुलाचे महाविद्यालयही आता तिकडेच. रोजच्या जाण्यायेण्यास कंटाळून त्याने कल्याणास एक सदनिका पाहिली. किंमत ५५ लाख रुपये. मुद्रांक शुल्क सात टक्के धरले तर ३ लाख ८५ हजार, नोंदणी फी ३० हजार. म्हणजे एकूण खर्च ५९ लाख १५ हजार. त्याच्यापाशी शिल्लक ८ लाख. पगारावर बँक २२ लाख कर्ज देण्यास तयार. आणि दिघाशीचे घर ३० लाखांस जाईल, असे गावातले जाणते सांगतात. बेरीज ६० लाख. गणित सुटले! वर ८५ हजार उरतात. त्यात सामानाची ने-आण आणि वास्तुशांतही होऊन जाईल.

हे गणित कागदावर अचूक आहे, पण त्यातील एक आकडा इतरांसारखा नाही. शिल्लक हा आकडा बँकेच्या पुस्तकात छापलेला आहे. कर्जाचे मंजुरीपत्र हातात आहे. सदनिकेची किंमत समोरच्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे. परंतु घराचे ३० लाख ही केवळ अटकळ आहे. न विकलेल्या घराला किंमत नसते. असतो तो अंदाज. घर २७ लाखांस गेले तर बेरीज ५७ लाख होते आणि २ लाख १५ हजार कमी पडतात. शिवाय ते केव्हा विकले जाईल, हे तर कोणीच सांगू शकत नाही. गणितातली एक संख्या अज्ञात असताना पुढल्या पायऱ्या करणारा विद्यार्थी जसा चुकतो, तसाच हा गृहस्थ अज्ञात संख्येवर इसार देऊन बसला तर चुकेल.

इसार देणे म्हणजे काय, हे येथे पाहिले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की इसार हा बोलणे पक्के केल्याचा विडा आहे. जमले तर जमले, नाही तर परत. कायद्याची दृष्टी निराळी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखताने घराची मालकी येत नाही. ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते. साठेखत हे केवळ परस्परांस दिलेले वचन होय. पण वचन मोडणारावर त्याचा भार पडतोच. करारभंगाची भरपाई वाजवी असावी, असा १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाचा दंडक आहे. तथापि करार पुरा करण्याची हमी म्हणून दिलेला इसार घेणाराच्याच कसुरीने बुडू शकतो, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे. उलट, कसूर विकणाराची असेल तर घेणाराने भरलेल्या रकमेचा बोजा त्या घरावर राहतो, ही सोय कायद्याने केली आहे. म्हणजे आपल्या गृहस्थाने ५ लाख इसार दिला, तीन महिन्यांची मुदत घातली, आणि दिघाशीचे घर त्या मुदतीत विकले गेले नाही, तर कसूर त्याची ठरते. ‘माझे घर विकले गेले नाही’ ही सबब, ती करारात लिहून ठेवली नसेल तर, कोणी ऐकून घेण्यास बांधलेला नसतो.

अशा वेळी मधला खड्डा अल्प मुदतीच्या कर्जाने भरून काढावा, असे सुचविले जाते. काही बँका जुने घर विकले जाईपर्यंत एक-दोन वर्षांकरिता असे पूलासारखे कर्ज देतात. परंतु त्यासाठी जुने घर तारणास योग्य पाहिजे. आणि गावठाणातील घराच्या कागदांकडे बँका फार बारकाईने पाहतात. समजा, ते मिळाले: ३० लाखांवर नऊ टक्क्यांनी आठ महिन्यांचे व्याज १ लाख ८० हजार होते. आणखी मोठी हानी निराळीच असते. व्याजाचे घड्याळ टिकटिकू लागले की विकणाराचा धीर सुटतो. गिऱ्हाइकास हे कळावयास वेळ लागत नाही. तो दोन महिने थांबतो आणि चार लाख कमी देऊन घर घेऊन जातो.

मग जुने आधी विकणे हाच राजमार्ग काय? त्यालाही काटे आहेत. पहिला काटा बिऱ्हाडाचा. घर रिकामे करून देऊन भाड्याने राहावयाचे, तर अकरा महिन्यांचे अनुज्ञप्तीपत्र, म्हणजे बोलीभाषेतील लिव्ह अँड लायसन्स, करून नोंदवावे लागते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ती नोंदणी सक्तीची केली आहे. महिना १२ हजार भाडे धरले तर अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार. सामान दोनदा हलविण्याचे ४० हजार. एकूण १ लाख ७२ हजार. दुसरा काटा भाववाढीचा. वर्षात पाच टक्के भाव चढला तर ५५ लाखांच्या सदनिकेस २ लाख ७५ हजार अधिक मोजावे लागतात. त्यातून विक्रीचे ३० लाख बँकेत ठेवले आणि सहा टक्के व्याज मिळाले तर अकरा महिन्यांत १ लाख ६५ हजार परत येतात, हेही जमेस धरले पाहिजे.

तिसरा काटा कोणी हिशेबात धरीत नाही. हातात आलेली मोठी रक्कम वितळू लागते. कोणास धंद्यासाठी हातउसने हवे असतात, कोणाच्या मुलीचे लग्न निघते, कोणी दामदुप्पट करून देणारी योजना घेऊन येतो. घर भिंतींनी बांधलेले असते म्हणून ते टिकते. पैशाला भिंती नसतात. सबब ज्याने घर विकले त्याने ती रक्कम त्याच दिवशी मुदतीच्या ठेवीत घालावी आणि विषय मिटवावा.

चौथी गोष्ट आयकराची. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीत असलेले राहते घर विकून नफा झाला, तर त्यावर कर बसतो. पण तो नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतविणारास सूट आहे. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत विकत घेतलेले असावे. स्वतः बांधावयाचे असल्यास तीन वर्षांची मुदत मिळते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही सवलत ५४ व्या कलमात होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरलेल्या २०२५ च्या कायद्यातही ती ठेवली आहे. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत नवे घर मिळाले नाही, तर ती रक्कम बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. ही योजना १९८८ पासून आहे. साध्या बचतखात्यात पडून राहिलेल्या रकमेने सूट मिळत नाही. तसेच नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर मिळालेली सूट अंगाशी येते. यावरून एवढे दिसते की कायद्याने दोन्ही क्रमांस जागा ठेवली आहे. मात्र आधी घेणारास एक वर्ष आणि आधी विकणारास दोन वर्षे दिली आहेत.

आता दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी मांडावेत. आधी खरेदी केल्यास व्याजाचे १ लाख ८० हजार. आधी विक्री केल्यास भाडे व हलवाहलव मिळून १ लाख ७२ हजार. भाववाढ आणि ठेवीचे व्याज यांची वजाबाकी त्यात मिळविली तरी फरक लाखा-सव्वा लाखाचा राहतो, आणि तोही भाव खरोखरच चढले तर. ५५ लाखांच्या व्यवहारात या फरकावर निर्णय अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही. याचा अर्थ असा की हा प्रश्न खर्चाचा नव्हेच. तो निश्चितीचा आहे. आपल्या दोन व्यवहारांपैकी ज्याची तारीख व रक्कम आपल्या हाती नाही, तो व्यवहार आधी पक्का करावा. ज्याची आहे तो मागाहून केला तरी चालतो. हे एक सूत्र लक्षात ठेवले तर बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

कल्याणास सदनिका घेणे हे निश्चित काम आहे. एक गेली तर दुसरी मिळेल. फार तर मजला बदलेल, भिंतीचा रंग बदलेल. दिघाशीचे घर विकणे हे मात्र अनिश्चित काम आहे, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

भिवंडीच्या आसपास जमिनीस मागणी आहे, हे खरे. यंत्रमागांच्या या शहराभोवती गोदामांचे जाळे पसरले. मुंबई-नाशिक महामार्ग जवळून जातो. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातील आमणे येथे संपतो, आणि त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे तालुक्यातील प्रत्येक घरमालकास आपल्याही घराचे सोने झाले, असे वाटू लागते. पण गोदाम बांधणारास हवी असते ती रस्त्याला लागून असलेली सलग, मोकळी जमीन. गावठाणातील ओटी-माजघराच्या घरास गिऱ्हाईक कोण? बहुधा त्याच गावचा माणूस, शेजारी अथवा भाऊबंद. असे गिऱ्हाईक गावात दोन-तीनच असतात; त्यांना घाई नसते; आणि तुमची घाई मात्र त्यांना ओट्यावर बसल्या बसल्या कळते.

दुसरे कारण कागदांचे. ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे’ एवढ्यावर पुष्कळजण निश्चिंत असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. तलाठ्याकडील ८ अ निराळा आणि सातबारा निराळा; हे दोन्ही शेतजमिनीचे व महसुलाचे कागद. लहान गावांच्या गावठाणांची स्वतंत्र मोजणी पूर्वी झालेलीच नव्हती, त्यामुळे घराखालच्या जागेस मिळकत पत्रिका नसे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. तीत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजून घरमालकांस मिळकत पत्रिका व सनद देण्याचे काम चालते. आपल्या घराची पत्रिका निघाली आहे काय, तीत नाव कोणाचे लागले आहे, क्षेत्रफळ बरोबर आहे काय, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन पाहणे ही विक्रीची पहिली पायरी होय. घर गावठाणाबाहेर शेतजमिनीवर असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. ती जमीन बिनशेती झाली आहे काय? भोगवटा वर्ग दोनची आहे काय? आदिवासी खातेदाराची असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे परवानगीवाचून तिचे हस्तांतरण बिगर-आदिवासीस करताच येत नाही. शेतजमीन असेल तर १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास ती घेता येत नाही. यांतील एकेक गाठ सोडविण्यास महिने लागतात, आणि गाठ आहे हे बहुधा गिऱ्हाइकाच्या वकिलाकडूनच प्रथम कळते.

तिसरे कारण सर्वांत नाजूक. घर वडिलांचे होते. मग ते आज कोणाचे? आई, मुलगा आणि मुलगी या तिघांचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका हिस्सा दिला. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही ती मुलाबरोबरीची सहदायाद झाली, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला जन्मतः आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टात दिला. म्हणजे ३० लाखांपैकी एक तृतीयांश, १० लाख रुपये, बहिणीचे आहेत. बहिणीने स्वखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून दिले तर गोष्ट निराळी. पण तिने आपला हिस्सा मागितला, तर आपल्या गृहस्थाच्या बेरजेत ३० ऐवजी २० लाख येतात. एकूण ५० लाख. आणि ९ लाख १५ हजार कमी पडतात. हे इसार देण्यापूर्वी कळले तर तो लहान सदनिका पाहील. नंतर कळले तर तो बहिणीच्या दारात जाऊन सहीसाठी गळ घालील, आणि तीस वर्षांची माया एका सहीपायी आटून जाईल. भाऊबीज चालू राहावी अशी ज्याची इच्छा असेल त्याने बहिणीस शेवटी नव्हे, सर्वांच्या आधी विचारावे. तिचा तो हक्क आहे, उपकार नव्हे.

तेव्हा आधी विकावे की आधी घ्यावे, याच्याही आधीची एक पायरी आहे, आणि ती म्हणजे घर विकण्याजोगे करणे. वारसांची नोंद, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, वीजदेयक, पूर्वीच्या कर्जाचा बोजा उतरविल्याची नोंद, इतके कागद एका पिशवीत तयार असले म्हणजे निम्मी विक्री झालीच. या पायरीस पैसा थोडा लागतो, वेळ मात्र लागतो. आणि तिच्यात इसार बुडण्याची भीती नाही.

ही पायरी झाल्यावर विक्री आणि खरेदी यांमध्ये भिंत न घालता दोहोंची सांगड घालता येते. विकणे ही एका दिवसाची गोष्ट नसून तिचे तीन टप्पे आहेत: साठेखत, पूर्ण किंमत घेऊन खरेदीखत, आणि ताबा. आपल्या गृहस्थाने दिघाशीच्या घराचे साठेखत प्रथम करावे. तोवर कल्याणास केवळ घरे पाहावीत, पण कोणास इसार देऊ नये. साठेखतात पाच-सहा महिन्यांची मुदत मागावी आणि ताबा शेवटच्या हप्त्याबरोबर द्यावयाचा, असे लिहावे. गिऱ्हाईक गावातलेच असेल तर अशी सवलत ते बहुधा देते. दस्त सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो, हेही विसरू नये. साठेखत होऊन भरीव रक्कम हाती आली की अज्ञात संख्या ज्ञात झाली; मग कल्याणास इसार द्यावा, आणि तेथील शेवटच्या हप्त्याची तारीख दिघाशीच्या शेवटच्या हप्त्यानंतर महिनाभराने ठेवावी. हा महिना म्हणजे दोन डब्यांमधील साखळीची ढील होय. ती नसली तर धक्का बसतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पूर्ण पैसे येण्यापूर्वी जुन्या घराचा ताबा देऊ नये. नोंदलेल्या साठेखतान्वये ताबा घेऊन बसलेल्या आणि आपला भाग पाळण्यास तयार असलेल्या गिऱ्हाइकास कायदा संरक्षण देतो, आणि बाकीच्या रकमेसाठी आपल्यालाच खेटे घालावे लागतात. दुसरे असे की साठेखत करून देणे हे आता पूर्वीपेक्षा अधिक बांधील झाले आहे. २०१८ साली विशिष्ट साहाय्य कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतर घेणारा सिद्ध असेल तर करार पुरा करून देण्याचा हुकूम मिळणे हा सर्वसाधारण नियम ठरला. ‘कल्याणचे जमले नाही, म्हणून दिघाशीचे मोडले’ असे म्हणता येणार नाही. म्हणून कल्याणच्या इसारपावतीतही आपल्या बाजूची एक अट लिहून घ्यावी: अमुक तारखेपर्यंत अमुक घराचे खरेदीखत पुरे न झाल्यास इसार कपातीवाचून परत मिळावा. समोरचा ही अट मान्य करील वा न करील. पण न विचारता ती कोणी देत नाही.

विलायतेत या प्रश्नाने निराळेच रूप घेतले आहे. इंग्लंडात घराचा देकार मान्य झाला तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तो कोणावर बंधनकारक नसतो. परिणामी, प्रत्येकजण आपले घर विकले जाण्याची वाट पाहत दुसऱ्याचे घर घेतो आणि अशा पाच-सहा कुटुंबांची एक साखळी बनते. तीत एका टोकाचे गिऱ्हाईक फिरले की सर्वांचे बेत एकाच दिवशी कोसळतात. अमेरिकेत ‘माझे घर विकले गेल्यास’ अशी अट घालून देकार देण्याची रीत आहे. मात्र बाजार तेजीत असला की विकणारे असा सशर्त देकार बाजूस सारतात. आपल्याकडे इसाराने आरंभीच बंधन पडते. म्हणून तेथे जो घोटाळा शेवटी होतो, तो येथे सुरुवातीस टाळावा लागतो.

नव्या घराविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. कारण जुने विकून टाकलेल्या माणसास मागे फिरावयास जागा नसते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत खोट्या परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडाव्यात, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात दिला. अशा इमारतींत बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी. महारेराचा क्रमांक जाहिरातीत छापलेला आहे, एवढ्याने समाधान मानू नये. तो महारेराच्या स्थळावर आणि बांधकाम परवाना महापालिकेत स्वतः ताडून पाहावा. राहण्यास तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. बांधकाम अपुरे असेल, तर नोंदलेल्या करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या कायद्याने विकासकास मनाई केली आहे. आणि अपुऱ्या इमारतीतील सदनिकेच्या भरवशावर राहते घर रिकामे करून देणे, हा तर या साऱ्या व्यवहारातील सर्वांत धोक्याचा क्रम. कारण तेथे भाड्याचे महिने आपल्या हाती नसून बांधणाराच्या हाती असतात.

याचा अर्थ आधी घेणे सर्वांनाच वर्ज्य, असा नाही. ज्याचे जुने घर शहरातील सहकारी संस्थेत आहे, भागदाखला हाती आहे, शेजारची तशीच सदनिका नुकतीच विकली गेल्यामुळे भाव ठाऊक आहे, आणि जुने न विकताही जो वर्षभर दोन्हींचा भार सोसू शकतो, त्याने मनाजोगे घर आधी घेतले तर ते चूक नाही. त्याच्या बाबतीत विक्रीच निश्चित आहे, आणि हवे तसे घर मिळणे अनिश्चित. घरात अंथरुणास खिळलेले माणूस असेल, किंवा दहावीची परीक्षा तोंडावर असेल, तर दोनदा बिऱ्हाड हलविण्यापेक्षा थोडे व्याज सोसलेले बरे. सूत्र तेच, उत्तर मात्र परिस्थितीप्रमाणे बदलते.

उरला प्रश्न आईचा. हिशेबाच्या वहीत तिच्यासाठी रकाना नसतो. कायद्याने त्या घरात तिचा एक तृतीयांश हिस्सा आहे. वस्तुतः त्याहून पुष्कळ अधिक आहे, कारण ती त्या ओटीवर नवी सून म्हणून आली आणि त्याच माजघरातून तिने नवऱ्यास निरोप दिला. अशा माणसास सहीपुरते बोलावून आणणे योग्य नव्हे. तिचा हिस्सा जर नव्या घरात जात असेल, तर नव्या घराच्या खरेदीखतात तिचे नाव असावे. म्हातारपणी स्वतःच्या नावाच्या छपराखाली असणे आणि मुलाच्या छपराखाली असणे यांत फरक आहे, आणि तो फरक कुटुंबात कितीही प्रेम असले तरी पुसला जात नाही.

दिघाशीच्या त्या गृहस्थाने हा सारा क्रम पाळला, तर त्याला कल्याणास जावयास कदाचित एक वर्ष अधिक लागेल. पहिली दोन-तीन चांगली घरे हातची जातील आणि त्याबद्दल त्याला हळहळही वाटेल. परंतु ज्या दिवशी तो जुन्या घराच्या दाराला शेवटचे कुलूप घालून किल्ली दुसऱ्याच्या हाती देईल, त्या दिवशी नव्या घराची किल्ली त्याच्या खिशात असेल, बहीण निरोप देण्यास आलेली असेल, आणि आईला कोठे जावयाचे हे ठाऊक असेल.